कोकीळमाशी: मातीच्या भिंतीतली चोरी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या घरामागे जुना गोठा आहे. म्हशी विकून बरीच वर्षं झाली, मातीची भिंत तेवढी उभी आहे. तिच्या उन्हाकडच्या अंगाला पेन्सिल जाईल एवढाली भोकं आहेत आणि त्या भोकांशी दिवसभर ये-जा चालू असते. बघणारे विचारतात, कुणी फोनवर फोटो पाठवून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

कोकीळमाशी म्हणजे नक्की कसली माशी?

मधमाशीच्याच गोतावळ्यातली, पण स्वतः घर न बांधणारी. पिल्लांसाठी पराग गोळा करायचे कष्टही ती घेत नाही. दुसऱ्या माशीनं बीळ खणायचं, आत खोली करायची, परागात मध कालवून पोराची शिदोरी भरून ठेवायची, आणि हिनं तिथं आपलं अंडं टाकून निघून जायचं.

इथं एक घोळ आधी निस्तरायला हवा. मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आग्या मोहोळ, सातेरी किंवा फुलोरी येते. राणी, कामकरी, पोळं, मध. पण जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. एक मादी, तिचं एक बीळ, तिचीच पोरं. राणी नाही, पोळं नाही, काढून खावा असा मधही नाही. कोकीळमाश्यांचा डोळा मुख्यतः अशा एकट्या संसारांवर असतो. वीस हजारांतल्या साधारण दर सात-आठ जातींमागे एक जात हाच धंदा करते, तेव्हा याला निसर्गातला चमत्कारिक अपवाद म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं गावात हिला काय म्हणतात?

वेगळं नाव मी तरी ऐकलं नाही. पोरं ‘निळी माशी’ म्हणतात, मोठी माणसं ‘गांधील असंल’ म्हणून हात झटकतात. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अज्जींना मी एकदा सगळा प्रकार मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग कोगिलेच की ओ ही!’ कोगिले म्हणजे कोकीळ. इंग्रजी पुस्तकवाल्यांनीही हेच नाव ठेवलंय, अज्जींना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

नावात एक गडबड मात्र आहे. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, पण ते सहसा कावळ्याच्या पिल्लांचा जीव घेत नाही, त्यांच्याबरोबरीनं चोच वासून बसतं. कोकीळमाशीचं पोर असं करत नाही. ते पुढं सांगतो.

ओळखायची कशी?

आमच्या भिंतीवर येणारी थायरियस वंशातली आहे आणि ती ओळखायला सगळ्यात सोपी. बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी, काळी कुळकुळीत, आणि अंगभर आकाशी निळे ठिपके. रंग उन्हात असा उठतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणीतरी ब्रशनं टिकल्या मारल्यात असं वाटतं. काही जातींत ठिपके पांढरे असतात. पंख धुरकट. पाठीवर मागच्या बाजूला खाच असलेली चपटी ढाल असते, ती भिंगातून छान दिसते.

हिच्या यजमानिणीला, म्हणजे अमेगिला वंशातल्या माशीला, निळे *पट्टे* असतात. ठिपके की पट्टे, एवढं बघितलं तरी चोर कोण आणि घरधनीण कोण ते कळतं.

आणखी एक खूण, सगळ्याच कोकीळमाश्यांना लागू पडणारी: मागचे पाय बघा. कष्टाळू माशीच्या पायांवर किंवा पोटाखाली पराग अडकवायला केसांची दाट झूल असते आणि बहुतेक वेळा ती पिवळीधमक भरलेली असते. कोकीळमाशीचे पाय बोडके. ओझं वाहायचंच नाही तर टोपली कशाला? त्यामुळं ती सडपातळ, गांधीलमाशीसारखी दिसते आणि लोक फसतात.

घरट्यात शिरून ती नेमकं काय करते?

बाहेरून दिसतं ते आधी सांगतो, कारण ते मी स्टूल टाकून बघितलंय. दिवाळीच्या आधीचे दिवस, सकाळचे दहा वाजलेले. निळ्या पट्ट्यांची माशी भोकातून तोंड बाहेर काढते, मिशा साफ करते आणि चढ्या सुरात गुणगुणत निघून जाते. हातभर अंतरावर भिंतीतल्या एका काडीवर ठिपक्यांची बसलेली असते, हालचाल नाही. घरधनीण गेली की ही उडून भोकाशी येते, कडेला टेकते, मिशांनी माती टपटप चाचपते. कधी आत न जाताच पुढच्या भोकाकडं जाते. दारोदार वास घेत हिंडणारी ही बया एखाद्या भोकात मात्र सरळ घुसते. एकदा आत गेलेली बाहेर येईपर्यंत माझा चहा निवला होता. बाहेर आली तेव्हा डोक्याला माती लागलेली. पुढच्या पायांनी तिनं ती पुसली आणि बुडाखाली काही घडलंच नाही अशा थाटात तुळशीवर जाऊन मध पीत बसली.

आतलं दृश्य आपल्याला दिसत नाही, पण अभ्यासकांनी घरटी खणून ते बघितलंय. अमेगिलाची खोली छोट्या बुडकुल्यासारखी असते, आतून माशीच्या अंगातल्या स्रावाचा गुळगुळीत, पाणी न शिरणारा लेप दिलेला. त्यात पराग-मधाचं सरबरीत खाद्य, त्यावर एक अंडं, आणि वरून मातीचं झाकण. थायरियसच्या भाऊबंदांतल्या ज्या माश्यांचा बारकाईनं अभ्यास झालाय, त्या बहुतेक करून *बंद झालेल्या* खोलीवर डल्ला मारतात. झाकणाला भोक पाडायचं, शेपटाचं टोक आत घालून अंडं चिकटवायचं आणि भोक मातीनं पुन्हा लिंपून टाकायचं. चोरानं घर फोडून जाताना गिलावा करून द्यावा, तसं.

मग अंडं फुटतं. बाहेर येणाऱ्या अळीचा जबडा विळ्यासारखा वाकडा आणि टोकदार असतो. खाण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही, तो मारण्यासाठी असतो. त्या बुडकुल्यातलं घरधनिणीचं अंडं किंवा नुकती जन्मलेली अळी ती मारून टाकते. एकाच खोलीत दुसऱ्या कोकीळमाशीनंही अंडं घातलं असेल तर तिच्या पोराचीही तीच गत. शिदोरी एकाचीच, तेव्हा जगणारही एकच. पुढं कात टाकली की तो विळा जातो आणि उरते एक मऊ, गुबगुबीत, सामान्य अळी, जी निवांत परक्याचं जेवण संपवते.

सगळ्या कोकीळमाश्या हेच करतात?

काम तेच, हत्यारं वेगळी.

गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांच्या कडा कुणीतरी कात्रीनं अर्धगोल कापल्यासारख्या दिसतात ना, ते काम पानकाप्या माशीचं, म्हणजे मेगाकाइलीचं. पानांचे तुकडे गुंडाळून ती पोकळ बांबूत किंवा भिंतीच्या फटीत पुंगळीसारखी खोली करते. तिच्या मागावर सीलिऑक्सिस असते. हिचं पोट मागं निमुळतं होत होत अगदी अणकुचीदार झालेलं असतं. त्या टोकानं ती पानाच्या अस्तराला चीर देऊन आत अंडं सारते. इथंही आईनं फक्त अंडं ठेवायचं, खून पोरानं करायचा.

स्फेकोडेस मात्र स्वतःच हात रंगवते. लहानशी, काळ्या डोक्याची आणि तांबड्या पोटाची ही माशी जमिनीत घर करणाऱ्या बारक्या माश्यांच्या बिळात शिरते, यजमानाचं अंडं किंवा अळी स्वतः नष्ट करते आणि मगच आपलं अंडं घालते. तिच्यातल्या काही जाती घरधनिणीशी थेट मारामारी करून तिला हाकलतात, कधी मारूनही टाकतात. डिंकासारख्या चिकट राळेनं घर बंद करणाऱ्या माश्यांच्या मागं तांबड्या पोटाची युआस्पिस असते, तीही घर फोडून आधी आतलं साफ करते.

घरधनीण गप्प कशी बसते?

दारात गाठ पडली तर गप्प बसत नाही. आमच्या भिंतीवर पाठलाग, टकरा, सगळं होतं. पण ती बाहेर किती वेळ असते ते बघा. एका पोराची शिदोरी भरायला तिला फुलांवर खेपांवर खेपा घालाव्या लागतात, आणि तेवढ्या वेळात दार उघडंच.

कोकीळमाश्यांची कातडीही जाड असते. चावा आणि डंख सहन करून निसटायला ती कामी येते. नोमाडा नावाच्या कोकीळमाशीची युक्ती तर याहून नामी आहे. १९७७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिच्या नराच्या अंगाला यजमान मादीसारखा वास येतो. समागमाच्या वेळी तो मादीच्या अंगाला लागतो असं मानलं जातं. मग दारात घरच्याच माणसाचा वास आला तर कोण कुणाला हटकणार?

मला स्वतःला मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. कावळी कोकिळेच्या पिल्लाला भरवते, तिला ते डोळ्यांसमोर दिसतं आणि तरी ती फसते. एकट्या माशीला फसायची वेळच येत नाही. शिदोरी भरली, अंडं घातलं, झाकण लावलं की ती खोली तिच्यापुरती संपली. आत आपलं वाढतंय की परकं, हे बघायला ती परत येत नाही. पोर पंख फुटून बाहेर पडेपर्यंत बहुधा ती हयातही नसते.

चावते का?

मादीला डंख असतो. चिमटीत धरली तर मारेल. आपणहून अंगावर येत नाही. राखायला पोळंच नाही तर हल्ला कशासाठी करील? आमच्याकडं इतक्या वर्षांत पोरांना डंख बसले ते कुंभारणीचे आणि गांधिलीचे.

माझ्या पेट्यांत सातेरी आहे. तिला धोका आहे का?

नाही. आपल्याकडच्या कोकीळमाश्या सातेरीच्या पेटीत अंडी घालत नाहीत. पेटी बसली असेल तर आधी मेणकिडा बघा, मुंग्या बघा.

हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी माशी दिसते, तीच ना ही?

ती वेगळी. ती गांधिलीच्या गोतातली. धंदा मात्र सख्ख्या बहिणीसारखा. कुंभारीण देवघराच्या कोपऱ्यात किंवा मीटरच्या पेटीमागं मातीचं घर करते ना, त्यात ही अंडी घालते. डिवचली तर पोट आत मुडपून चेंडूसारखी गोल होते आणि कडक कवच तेवढं बाहेर ठेवते. अशी गोल झालेली एक आमच्या भाच्यानं मणी समजून खिशात घातली होती.

भोकांसमोर हवेत एका जागी थरथरत राहणारी केसाळ, लांब सोंडेची माशी दिसली तर ती दोन पंखांची, मधमाशीच्या गोताबाहेरची आहे. तिची तऱ्हा आणखी निराळी. अंडी धुळीत घोळवायची आणि उडता उडता भोकाच्या तोंडाशी भिरकावायची. आत सरकायचं काम अळीनं करायचं.

मग ही उपद्रवी माशी मारून टाकावी का? औषध फवारलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात कष्टाळू माशीबद्दल दया असते हेही मला कळतं. पण फवारू नका. फवारा ठिपके आणि पट्टे बघून पडत नाही, दोघी मरतात.

दुसरं असं की चोर कुठल्या घरी फिरकतो? जिथं काही असतं तिथं. यजमान कमी झाले की कोकीळमाशी त्यांच्याआधी दिसेनाशी होते, कारण चार-दोन बिळांवर तिचा संसार चालत नाही. माझ्या भिंतीवर ठिपक्यांची दिसली की मी समजतो, यंदा आत भरपूर घरं आहेत. ज्या वर्षी ती आली नाही, त्या वर्षीची गोष्ट सांगतो.

गोठ्याची भिंत ओघळायला लागली म्हणून मी गवंड्याला बोलावलं. खालचा हातभर भाग सिमेंटनं लिंपून घे, एवढंच सांगून मी दोन दिवस बेळगावला गेलो. परत आलो तर भिंत छपरापर्यंत गुळगुळीत, करडी. गवंड्याची चूक नव्हती, त्यानं काम चोख केलं होतं आणि जादा पोत्याचे पैसेही लावले नव्हते. पुढचे आठ-दहा दिवस निळ्या पट्ट्यांच्या माश्या येत होत्या. नेमक्या आपल्या भोकाच्या जागेसमोर यायच्या, थरथरायच्या, भिंतीला टेकायच्या, परत मागं व्हायच्या. ठिपक्यांच्याही दोन आल्या आणि तशाच घिरट्या घालून गेल्या. त्या वर्षी चोर नाही आणि सावही नाही. उन्हाळ्यात मी छिन्नी घेऊन अर्धी भिंत परत उघडी केली. लोकांनी वेड्यात काढलं. आत लहान बुडकुली तशीच होती, काहींत वाळलेल्या माश्या.

आता खालचा भाग सिमेंटचा आणि वरचा मातीचा, अशी ठिगळाची भिंत आहे. तिसऱ्या वर्षी निळे पट्टे परत आले. निळे ठिपके त्याच्याही पुढच्या वर्षी.

निळ्या पट्ट्यांची माशी एवढी वाचवायची, तिचा शेताला काय उपयोग?

टोमॅटो आणि वांगं लावत असाल तर बराच. या फुलांचा पराग उघड्यावर नसतो. पुंकेसराच्या नळीला टोकाशी बारीक भोक असतं आणि पराग आत अडकलेला. अमेगिला फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, तशी चाळणीतून पीठ पडावं तसा पराग खाली झरतो. तो आवाज ऐकण्यासारखा असतो: उडताना वेगळा, फुलावर टेकल्यावर एकदम चढा आणि तुटक. सातेरी आणि आग्याला ही विद्या येत नाही. टोमॅटो वाऱ्यानं हलूनही धरतो हे खरं, पण असा हिसका बसला की फळ चांगलं भरतं.

कोकीळमाशी स्वतः फुलांवर फक्त मध प्यायला जाते. अंगावर केस कमी, त्यामुळं पराग जेमतेम लागतो. या बाबतीत तिची वकिली मी करणार नाही.

ती स्वतः घर का बांधत नाही? मुळात आळशी का झाली?

आळशी हा शब्द आपला. अभ्यास असं सांगतो की या माश्यांचे पूर्वज कधीकाळी घर बांधणारेच होते, आणि ही वाट एकाच घराण्यानं नाही तर निरनिराळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळी धरली. त्याचा पुरावा आमच्या भिंतीवरच आहे. थायरियस आणि अमेगिला एकाच कुळातल्या. पानकापी आणि तिची चोर सीलिऑक्सिस एका कुळातल्या. स्फेकोडेस आणि तिचे बरेचसे यजमानही तसेच. चोर बऱ्याचदा जवळच्या नात्यातलाच निघतो. परजीवी आणि यजमान यांच्यातलं हे नातं इटलीच्या कार्लो एमरीनं १९०९ साली मुंग्यांवरून मांडलं होतं.

आणि कष्ट वाचले म्हणून सगळं सोपं होतं असंही नाही. बीळ शोधायचं, योग्य दिवशी गाठायचं, मार चुकवायचा. संधी कधी येईल सांगता येत नाही म्हणून या माश्या घालायला तयार अशी अंडी पोटात जास्त बाळगून असतात.

आपल्या भागात यांची जुनी नोंद आहे का?

या माश्यांवरचं जुनं जाडजूड पुस्तक बिंगहॅमचं, १८९७ सालचं. थायरियसला तेव्हा क्रोसिसा म्हणत. त्याच काळात मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात राउटन नावाचा साहेब होता, मुंग्या आणि माश्यांचा नादिष्ट. आज खानापूरकरांना तो वेगळ्याच कारणानं माहीत आहे: भीमगडच्या रानात बारापेडे गुहांत जे दुर्मीळ वटवाघूळ राहतं, त्याला १९१३ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं तेव्हा चर्चा वटवाघळाची आणि वाघाची झाली. माश्यांना कोण विचारतो?

बघायला कुठं जाऊ आणि कधी?

अभयारण्यात जायची गरज नाही. पाऊस उघडल्यावर, नवरात्रापासून पुढं, तुळशीच्या मंजिऱ्या, निर्गुडी आणि बांधावरचा पांढरा तुंबा बघत राहा. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कोसळतो, तिथं वळचणीखालची कोरडी भिंत किंवा दरडीचा आडोसा शोधा. निपाणी, चिकोडी, अथणीकडं पाऊस बेताचा, तिथं विहिरीच्या मातीच्या कडा आणि ओढ्याच्या दरडी चांगल्या. भोकं असलेली उघडी माती सापडली की उन्हं तापल्यावर तासभर बसा. हलू नका, सावली भोकांवर पडू देऊ नका.

रात्री ती कुठं जाते? तिला तर घरच नाही.

खरंच नाही. दिवस कलला की ती एखादी वाळकी काडी निवडते आणि जबड्यानं ती काडी घट्ट चावून धरते. मग पाय अंगाशी मुडपते आणि तशीच, नुसत्या जबड्यावर लोंबकळत, रात्र काढते. आमच्या कुंपणाच्या तारेशेजारी गवताची एक काडी आहे, तिथं मागच्या कार्तिकात तीन-चार जणी एकाखाली एक टांगलेल्या असायच्या. दोन काड्या सोडून निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नरही तसेच झोपलेले, कारण बीळ असतं ते मादीचं, नर तिकडंही बेघरच. टॉर्च नेलात तर उजेड थेट त्यांच्यावर न धरता जमिनीवर धरा. दंव पडलेलं असलं की ठिपक्यांचा निळा रंग तेवढ्या उजेडातही दिसतो.